नदीकाठची बत्तीस घरं

सिल्व्हर फोर्क, आयडाहो
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय नीला,

तुझं पत्र आलं. कानातलं मशीन पुन्हा रुसलं म्हणतेस, तेव्हा फोन करून तुझं "काय? काय म्हणालीस?" ऐकण्यापेक्षा पेन हातात घेतलेलं बरं. मिरजेचं होस्टेल सोडल्यापासून आपण एकमेकींना पत्रं टाकतोय, आता म्हातारपणी काय ती सवय मोडायची!

आधी गावाची खबर. रिटायर झाले तरी शाळेवाले मला मुलांचे कान-डोळे तपासायला बोलावतात. परवा पहिलीच्या वर्गात शिरले आणि बघतच राहिले. निम्म्याहून जास्त पोरं सावळी, काळ्याभोर केसांची. बहुतेक पेरूची (देश आहे तो, हसू नकोस), दोन नेपाळी, एक मेक्सिकन. गाव आपल्या बापाचं असल्यासारखी मजेत बसलेली. मला काय झालं कोण जाणे, रडूच आलं. त्यांच्या बाई घाबरल्या, मला पाणी आणून दिलं.

एक्याऐंशी साली हेमचंद्र आणि मी इथे आलो तेव्हाची माझी पत्रं आठवतात ना तुला? अख्ख्या गावात सावळी माणसं म्हणजे आम्ही नवरा-बायको. किराणा दुकानात मी शिरले की बोलणं थांबायचं. या डोंगरात अमेरिकन डॉक्टर टिकत नव्हता म्हणून हॉस्पिटलने आम्हाला घेतलं, हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. मग हळूहळू पोरांचे ताप उतरले तसे लोकही निवळले. पण आपल्यासारखं दिसणारं माणूस रस्त्यात भेटावं, यासाठी मी किती वर्षं तरसले ते तुलाच माहीत.

पेरूची माणसं आधी मेंढरं राखायला यायची. तीही डोंगरातलीच, त्यांना इथल्या थंडीचं काही वाटत नाही. पुढे स्कीइंगवाल्यांची हॉटेलं झाली, कामं वाढली, बायका-पोरं आली. आता नदीकाठी वॉल्ट म्हणून जुना शेतकरी आहे, त्याच्या जागेवर त्यांची बत्तीस घरं आहेत. मोबाइल होम म्हणतात त्यांना, आणि अख्ख्या वस्तीला पार्क. घर ज्याचं त्याचं, खालची जमीन मात्र वॉल्टची, तिचं भाडं भरायचं. तिथल्या कमिटीची मुख्य आमची मारिसोल. लहानपणी निमोनियाने फणफणलेली माझ्याकडे आणली होती तिला, आज हॉटेलची लॉन्ड्री चालवते. मला "डोक्तोरा" म्हणते आणि दर रविवारी मक्याचे भाजलेले दाणे आणून देते, थेट आपल्या फुटाण्यांची आठवण होते.

आता तू कधी येतेस? शेवटी दोघींनी एकत्र राहायचं ठरलंय आपलं. हेमचंद्र गेल्यापासून माझा खालचा मजला रिकामाच आहे.

तुझी,
कांचन


ॲन आर्बर
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय कांचन,

पहिलीच्या वर्गात रडणारी डॉक्टर! तू अजून होती तश्शीच आहेस.

पण खरं सांगू? तुझं पत्र वाचून मला जरा धाकधूकच वाटली. आपण आलो ते डिग्री घेऊन, नोकरीचं पत्र हातात घेऊन. रात्रंदिवस ड्यूट्या केल्या. या लोकांचं वेगळं आहे गं. उद्या गावात काही बिनसलं तर गोरे लोक तुझ्यात आणि त्यांच्यात फरक करायचे नाहीत. मी तुझ्याकडे यायचं म्हणते, पण येतेय कुणाच्या गावात, तेही कळायला हवं ना? रागावू नकोस. तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी बोलायचं?

इकडे प्रसन्न घर विकायच्या मागे लागलाय. "आई, तू एकटी बर्फ काढतेस, मला टेन्शन येतं." एजंटही बघून ठेवलाय त्याने. बॉथेलच्या त्यांच्या घरी सूनबाईने, नेत्राने, माझ्यासाठी खाली खोली तयार केलीय, तिला दोघं "गेस्ट रूम" म्हणतात. गेल्या खेपेला तीन आठवडे राहिले तिथे. दोघंही कान झाकून मीटिंगमध्ये. मी काही बोलले की प्रसन्न "हं आई" म्हणतो आणि नजर स्क्रीनवर. मुलगा गुणी आहे, बोलायला जागा नाही. पण मला घरात काम काय, तर पार्सल आलं की दार उघडायचं.

तुझ्याकडे यायचं मनात आहे. तू लिहीत राहा, सगळं लिही.

तुझी,
नीला


सिल्व्हर फोर्क
१६ मार्च २०२४

प्रिय नीला,

रागावले तर आहेच! "या लोकांचं वेगळं" म्हणे. अगं, आपल्याबद्दलही किराणा दुकानात हेच बोलत होते. तू इथे आलीस की मारिसोलच्या आईच्या हातचं बटाट्याचं कालवण खाऊ घालते तुला, मग बोल.

बरं, आता एक गोष्ट सांगते ती पोटात ठेव. वॉल्ट थकलाय. हृदयाचं दुखणं, पेसमेकर बसवलाय. नदीकाठची जागा विकायची म्हणतोय. त्याने मारिसोलला आणि मला घरी बोलावलं, कॉफी दिली आणि म्हणाला, "विकणार तर या लोकांनाच विकीन. तीस वर्षं माझं भाडं एकदा बुडवलं नाही कुणी." बत्तीस घरांनी मिळून सोसायटी करायची आणि जमीन घ्यायची. त्याने हात पुढे केला, मारिसोलने हात मिळवला, मी साक्षीला. इथल्या जुन्या शेतकऱ्यांत हात मिळवला की झालं. कागद अजून नाही.

अडचण एकच. कर्ज देणारी संस्था चांगली आहे, पण त्यांच्या तपासण्या संपायला ऑगस्ट उजाडेल. आणि वॉल्टची मुलगी घाई करतेय. तिला बापाच्या हयातीत सगळं मिटवून हवंय. उद्या कुणी रोख घेऊन दारात उभं राहिलं तर ती म्हाताऱ्याला एक दिवस स्वस्थ बसू द्यायची नाही. म्हणून आम्ही कुठे बोभाटा केलेला नाही. गावातसुद्धा चार-पाच जणांनाच माहीत आहे. मारिसोलने माझ्याकडून वचन घेतलं, आणि मी पहिली तुलाच सांगतेय, बघ. पण तू म्हणजे काय, माझं पोटच.

हे जमलं ना नीला, तर ही माणसं इथली होतील. आपण कशी घर घेतल्यावर झालो, तशी. नाही जमलं तर स्कीइंगवाले ती जागा गिळतील आणि शाळेतली ती पोरं कुठल्या कुठे पांगतील.

तुझी,
कांचन


बॉथेल
५ एप्रिल २०२४

प्रिय कांचन,

घर विकलं. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं. तीस वर्षांचा संसार दोन ट्रकांत मावला. आता मी गेस्ट रूममध्ये. वरचा पत्ता लिहून ठेव, पुढचं पत्र इथेच टाक.

शनिवारी इथे भिशी असते. आपल्या बायकांची असायची तशी नाही. नवरे-बायका सगळेच, पुण्या-नागपूरची आयटीतली मुलं. आधी खाणं-पिणं होतं, मग बसून चर्चा. कुठे गुंतवायचं, काय घ्यायचं. निम्म्यांच्या नोकऱ्यांवर टांगती तलवार, बिचारी. मी साबुदाणा वडे तळून दिले तर सगळी मला "काकू, काकू" करून गेली. बरं वाटलं. खूप दिवसांनी घरात कुणाला तरी मी दिसले.

तुझ्याकडे यायचं मी मनावर घेतलंय बरं का. पण या वयात यायचं तर नीट विचारून घ्यायला हवं, म्हणून विचारते. तुमच्या नदीला पूर येतो का? नदीकाठच्या त्या घरांना पाणी आणि ड्रेनेज गावाचं आहे की विहीर आणि सेप्टिक टँक? तिथपासून स्कीइंगच्या लिफ्टपर्यंत किती अंतर? रस्ता हिवाळ्यात उघडा असतो का? आणि वॉल्टच्या मनात आकडा तरी काय आहे? हे आपलं उगीच, कुतूहल म्हणून. प्रसन्न म्हणतो, "मावशीला सगळं माहीत असेल." तुझी खूप आठवण काढतो तो.

तुझी,
नीला


सिल्व्हर फोर्क
२७ एप्रिल २०२४

प्रिय नीला,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले! पूर येतो का म्हणून विचारणारी बाई खरंच यायला निघालीय, हे मी ओळखलं. नाहीतर तुला इतकी वर्षं माझ्या गावाचं कधी काही विचारावंसं वाटलं होतं का?

तर घे उत्तरं. पूर येत नाही, नदी खोल आहे आणि काठ उंच. पाणी आणि ड्रेनेज गावाचं. वॉल्टने स्वतः भांडून लाइन आणली होती, फार शहाणा माणूस. लिफ्ट इतकी जवळ की मारिसोलचा नवरा एल्मर तिथे चालत कामाला जातो. रस्ता बारा महिने उघडा, कारण त्याच रस्त्यावरून श्रीमंतांच्या गाड्या जातात. आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलाय, वाच आणि फाडून टाक. बाजारभावाच्या मानाने काहीच नाही तो. वॉल्टने मुद्दाम कमी ठेवलाय, आपल्या भाडेकरूंना झेपावा म्हणून.

इकडे जोरात चाललंय. कमिटीची बैठक माझ्या दिवाणखान्यात होते. मला स्पॅनिश अर्धवट येतं आणि त्यांना माझ्या चुकांवर हसायला आवडतं. एल्मर म्हणाला, जमीन आपली झाली की पहिलं काम म्हणजे रस्त्याचे दिवे. मारिसोलच्या आईने माझ्यासाठी लोकरीची शाल विणायला घेतलीय. म्हातारीला मी विचारलं, "इथे करमतं का?" तर म्हणाली, "आता करमेल."

प्रसन्नला माझे आशीर्वाद सांग. आठ वर्षांचा होता, तुमच्या घरात भांडणं चालली होती म्हणून तू त्याला सुट्टीभर माझ्याकडे धाडलंस. वॉल्टने त्याला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. विचार, त्याला आठवतं का.

खालच्या मजल्याला रंग द्यायला माणूस बोलावलाय. कुठला देऊ ते लगेच कळव.

तुझी,
कांचन


बॉथेल
२८ जून २०२४

प्रिय कांचन,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लिहायचं-वाचायचं बंद होतं. तुझी मधली दोन्ही पत्रं मिळाली. रंग कुठलाही दे गं. माझं यायचं अजून नक्की नाही, आणि उगीच माझ्यापायी खर्चात पडू नकोस.

त्या नदीकाठच्या भानगडीत तू फार गुंतू नकोस असं मला वाटतं. या वयात कशाला? व्यवहार आहे, होईल तसा होईल. आपण आपल्या तब्येतीला जपावं.

सगळे ठीक. नेत्रा तुला नमस्कार सांगते.

नीला


सिल्व्हर फोर्क
१२ जुलै २०२४

नीलांबरी,

आठ तारखेला मारिसोल माझ्याकडे आली. वॉल्टच्या मुलीने जागा एका कंपनीला विकायचा करार केला. म्हातारा दवाखान्यात असताना त्याची सही घेतली. एक ऑक्टोबरला ताबा. कंपनीचं नाव ऐकून गावात आवई उठली होती की योगासनांचं रिसॉर्ट येतंय. मारिसोलने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "डोक्तोरा, हा शब्द तुमच्याकडचा आहे का?"

योगेश्वरी माउंटन होम्स.

प्रसन्नच्या जावळाला तू अंबाजोगाईला गेलीस तेव्हा मीही सुट्टीवर होते. तुझ्या कुलदेवीच्या देवळात तुझ्या पोराला मांडीवर घेऊन मी बसले होते. तरी मी म्हटलं, नसेल, योगायोग असेल. मग खालचा पत्ता वाचला. बॉथेलचा. त्याच पत्त्यावर एप्रिलमध्ये मी तुला पत्र टाकलं, आकड्याची चिठ्ठी आत घालून.

तुम्हाला वाटलं असेल, या डोंगरात कुणाला देवीचं नाव कळतंय? मी इथे राहते हे तरी लक्षात ठेवायचंत. की देवीचं नाव दिलं म्हणजे कामाला यश येतं, ते जास्त महत्त्वाचं होतं?

पूर येतो का. ड्रेनेज कुणाचं. लिफ्ट किती लांब. अगं, मी नाचले होते! खालच्या मजल्याला पिवळा रंग देऊन बसलेय मी. तू राहायला यायचं म्हणून विचारत नव्हतीस, तू मुलासाठी जागा बघत होतीस. डोळ्यांचं ऑपरेशन तरी झालं का खरं?

मारिसोलने मला एकच विचारलं: "आमचा आकडा आणि आमची अडचण त्यांना कशी कळली?" मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. माझ्या मैत्रिणीला मी सांगितलं, तिच्या मुलाने घेतलं, असं सरळ सांगितलं. ती कॉफी तशीच ठेवून उठली. दारात म्हणाली, "म्हणजे तुमचेच लोक." चाळीस वर्षांपूर्वी या गावातले गोरे मला "तुम्ही लोक" म्हणायचे. आता हिने म्हटलं, आणि ते माझ्या जिव्हारी लागलं.

काल पार्कात गेले होते. मला बघून बायका आत गेल्या. माझ्या हातांनी लस टोचलेली पोरं त्यांनी आत ओढून घेतली, नीलांबरी.

अजून ताबा मिळालेला नाही. प्रसन्नला सांग, मागे हो. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे.

कांचन


बॉथेल
२५ जुलै २०२४

प्रिय कांचन,

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ऑपरेशन खरंच झालं. तेवढं तरी खोटं धरू नकोस.

मी ठरवून काही केलं नाही. मार्चमध्ये प्रसन्न तिकडची आवराआवर करायला ॲन आर्बरला आला होता. तुझं पत्र टेबलावर होतं. त्याने विचारलं, "मावशी काय म्हणते?" मी सहज सांगितलं. आणि त्याने लॅपटॉप बंद केला. कांचन, कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्यासाठी लॅपटॉप बंद केला. "आई, अजून काय लिहिलंय? सगळं सांग." आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी दोन तास बोलत बसलो. पुढे भिशीतही तो सगळ्यांना सांगायचा, "ही आईची लीड आहे," म्हणजे ही संधी आईने शोधून दिली. तुला मुलं नाहीत, तुला नाही कळायचं, असं म्हणणार नाही मी. पण नाहीच कळायचं.

आणि तू त्यांना राक्षस समजू नकोस. प्रसन्नबरोबर पैसे घातलेल्या त्या भिशीतली निम्मी मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. त्यांनी आपल्या पोराबाळांसाठी काही करून ठेवायचं नाही का? नाहीतरी कुणीतरी ती जागा घेणारच होतं. मग आपल्या माणसांनी घेतली तर बिघडलं कुठे? आणि लगेच कुणाला बाहेर काढणार नाहीयेत. आधी भाडं थोडं वाढवतील, मग ज्यांना झेपणार नाही ते आपोआप जातील. दोन-तीन वर्षांनी तिथे चांगली घरं होतील. त्यातलं एक माझ्या नावावर करणार आहे प्रसन्न. माझ्या घराचे पैसेही त्यातच आहेत, आता मागे फिरणं माझ्या हातात राहिलेलं नाही. अगं, मी तुझ्या हाकेच्या अंतरावर राहायला येतेय. याचसाठी चाललं होतं ना आपलं?

तू माझ्यापेक्षा त्या लोकांना जवळचं मानतेस, याचं मला वाईट वाटतं. आपली ओळख पंचावन्न वर्षांची.

तुझीच,
नीला


बॉथेल
१० सप्टेंबर २०२४

प्रिय कांचन,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. इतका राग बरा नव्हे.

एक चांगली बातमी. प्रसन्नला तिथे विश्वासाचं माणूस हवंय, भाडं गोळा करायला, लोकांना नीट समजावून सांगायला. तो स्वतःच म्हणाला, "मावशीपेक्षा चांगलं कोण? त्यांचं ऐकतात ते लोक." घरबसल्या काम, मानधनही देतील. तुझ्या हातून झालं तर त्या लोकांनाही हळुवारपणे कळेल, नाही का? तुझ्या मनावरचंही ओझं उतरेल. विचार करून कळव. एक तारीख जवळ आली.

तुझी,
नीला


लॉट १४, नदीकाठ
सिल्व्हर फोर्क
२९ सप्टेंबर २०२४

नीलांबरी,

वरचा पत्ता नीट लिहून घे. मी घर बदललंय.

अठ्ठावीस जुलैला पेरूचा स्वातंत्र्यदिन असतो. गेली वीस वर्षं या पार्कात पहिलं ताट माझं असायचं. यंदा बोलावणं आलं नाही. पुलावर उभी राहून मी त्यांची गाणी ऐकली आणि घरी येऊन दहीभात खाल्ला. मग ऑगस्टमध्ये न बोलावता त्यांच्या बैठकीला गेले. मोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं, माफी मागितली. कुणी हसलं नाही माझ्या चुकांवर. मारिसोलच्या आईने तोंड फिरवलं. एल्मर म्हणाला, "डोक्तोरा, तुमचं घर टेकडीवर आहे. उद्या आम्ही गेलो तरी तुमचं घर तिथेच राहणार." बरोबर बोलला. बोलून आता काही पटायचं नाही, हे मला तिथेच कळलं.

म्हणून मी मारिसोलला म्हटलं, अदलाबदल करू. तू, तुझी आई, एल्मर, पोरं, सगळी माझ्या घरात जा. पक्कं खरेदीखत करून घ्या. तुमचं चौदा नंबरचं घर मला द्या. ती आठ दिवस नाही म्हणाली. तिला वाटलं, म्हातारी पापं धुवायला दान करतेय. मी म्हटलं, दान कसलं? मला भाडेकरू व्हायचंय. त्यासाठी इथलं घर लागतं, आणि तुझ्याशिवाय मला कोण देणार आहे? मग ती तयार झाली. खुश होऊन नाही, पण झाली. तुझ्यासाठी रंगवलेल्या पिवळ्या खोलीत आता तिची आई झोपते.

वॉल्ट दवाखान्यातून परत आलाय. माझ्या नावाचा जागेचा भाडेकरार घेऊन गेले त्याच्याकडे. त्याने मान वर केली नाही. ताबा तुमच्याकडे जायच्या आधी त्याने सही करून दिली. वकिलाकडून तपासून घेतलाय, कायदेशीर आहे. गावातल्या पेपरवाल्यालाही कळवलंय. त्याच्या तिन्ही मुलांच्या गोवरापासून मी त्याला ओळखते, तो येऊन फोटो काढून गेला. शाळेतल्या बाई विचारायला आल्या, अशी गावातल्या आणखी कुणाची, त्यांचीसुद्धा, नावं इथल्या घरांच्या करारांवर घालता येतील का. बघतोय आम्ही.

लोक अजून माझ्याशी जपूनच बोलतात. काल शेजारणीने दार वाजवून विचारलं, पाण्याचा पाइप थंडीत गुंडाळायचा असतो हे माहीत आहे का. नव्हतं माहीत. तिने दाखवलं आणि निघून गेली.

तुझ्या मुलाच्या नोकरीबद्दल. मॅनेजर व्हायचं नाही मला. मी त्याच्या कंपनीची भाडेकरू आहे. भाडं महिन्याच्या महिन्याला पाठवीन. ते वाढवलंत तर भरणार नाही, आणि इथे न भरणारी मी एकटी नसेन. मग काय ते कोर्टात सांगा. ज्यांना झेपणार नाही ते आपोआप जातील, असं लिहिलं होतंस ना? मी आपोआप जात नाही. मला काढावं लागेल.

मला मुलं नाहीत, हे पंचावन्न वर्षांत तू मला कधी ऐकवलं नव्हतंस. तेही ऐकवून झालं. तेव्हा आता तुझं काहीच माझ्या मनाला लागायचं राहिलं नाही.

प्रसन्नला सांग, नोटीस लावायची झाली तर गावातला माणूस भाड्याने घेऊन लावू नकोस. स्वतः ये, आणि पहिली माझ्या दारावर लाव. तूही ये त्याच्याबरोबर. एकत्र राहायचं आपलं ठरलं होतं खरं. पण माझ्याकडे राहायला आता तू येऊ शकत नाहीस, नीलांबरी. भाडं गोळा करायला येऊ शकतेस.

कांचन